वेदनाशामक गोळीचा इतिहास आणि आपण

अम्मीच्या गुडघेदुखीवर डॉक्टरांनी पाच दिवसांची गोळी लिहून दिली होती. अम्मीने ती चार वर्षे घेतली. चिठ्ठी केव्हाच हरवली, पण मेडिकलवाला नाव ऐकूनच पट्टी काढून द्यायचा. मागच्या रमजानमध्ये तिच्या पायांवर सूज आली. रक्त तपासले तर क्रिएटिनिन वाढलेले. नव्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “दुखण्यावर काय घेता?” त्या प्रश्नामुळे मी या गोळ्यांचा इतिहास वाचायला बसलो.

१८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमन यांनी अॅस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार केले. दोन वर्षांनी ते त्या नावाने बाजारात आले. त्यानंतर सत्तर वर्षे जगाने ते गिळले, पण ते नेमके कसे काम करते हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी ते उलगडले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. अॅस्पिरिनसारखी औषधे ती तयार होऊ देत नाहीत. या कामासाठी व्हेन यांना १९८२ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

खरी गोम इथेच आहे. वेदना आणि सूज वाढवणारी हीच द्रव्ये जठराचे अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. दुखणे थांबते, तेव्हा हे संरक्षणही कमी होते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक याच कुळातले.

मग पोटाला न बाधणारी गोळी शोधली गेली. १९९९ मध्ये मर्क कंपनीचे रोफेकॉक्सिब ‘व्हायॉक्स’ या नावाने आले. २००० मध्ये संधिवाताच्या आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोटाचे त्रास कमी, पण हृदयविकाराचे झटके नेप्रोक्सेन घेणाऱ्यांपेक्षा जास्त. कंपनीने अर्थ लावला, की नेप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करत असावे. पुढच्या एका चाचणीत तुलना औषध नसलेल्या गोळीशी झाली, तेव्हा ही सबब उरली नाही. ३० सप्टेंबर २००४ रोजी औषध जगभरातून मागे घेण्यात आले. भारतानेही त्याच डिसेंबरात त्यावर बंदी घातली. मधल्या काळात किती जणांनी विश्वासाने ती गोळी घेतली असेल?

याचा अर्थ औषधे टाकून जडीबुटीवाल्याकडे धावावे असा नाही. या गोळ्यांनी असंख्य लोकांना चालते केले आहे. प्रश्न मात्रेचा, मुदतीचा आणि माणसाच्या प्रकृतीचा आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक एकत्र आले, की मूत्रपिंडावरचा ताण फार वाढतो. अम्मीचे तिन्ही चालू होते. त्यात सहरीला गोळी घेऊन ती दिवसभर पाण्याविना राहायची. शरीरात पाणी कमी असताना हाच धोका आणखी वाढतो. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा धर्मानेच दिली आहे, हे आम्हा घरच्यांना माहीत होते. गोळीचे मात्र कोणी विचारलेच नाही, मीही नाही.

अम्मीची ती गोळी आता बंद आहे. येत्या रमजानपूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबा एकदा डॉक्टरांसमोर उघडा, एवढीच विनंती.