लग्नगडी : अभ्यासाचा एक दरवाजा

डहाणू-तलासरीच्या इतिहासाकडे वळणाऱ्या नव्या अभ्यासकाने सुरुवात ‘लग्नगडी’ या शब्दापासून करावी, असे मी आग्रहाने सुचवते. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. हिशेबाची वही त्याच्याच हातात, त्यामुळे कर्ज फिटायची आशा थोडीच. अशा वारली आदिवासी माणसाला लग्नगडी म्हणत.

इंग्रजीतला ‘सर्फ’ हा शब्द इथे चटकन हाताशी येतो, पण तो पुरत नाही. युरोपातला सर्फ जमिनीला जखडलेला असे. लग्नगड्याला बांधले ते त्याच्याच लग्नाने, आणि त्याच्याबरोबर बायकोही बांधली गेली. ‘सर्फ’ म्हटले की नेमकी ही बाई नजरेआड होते.

सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा 1939 चा आदिवासींवरील अहवाल जरूर वाचावा; वेठीची दखल सरकारदरबारी कशी घेतली गेली ते त्यात दिसते. त्याच्या शेजारी गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) ठेवावे. वेठ करणार नाही, असा निर्धार वारल्यांनी मे 1945 मध्ये झरी येथे केला. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, पण त्या काळच्या कागदांत ते उंबरगावाखाली सापडेल. 1960 मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले, तर डहाणू-तलासरीचा पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. म्हणून जुनी दप्तरे ठाण्याच्या नावाने मागवावीत.

कागदांवर मात्र थांबू नये. वारल्यांच्या लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहितात, मधोमध पालघाट देवी येते आणि धवळेरी, म्हणजे पुरोहिताचे काम करणारी बाई, गाणी म्हणत लग्न लावते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे वारली चित्रे जगभर पोहोचली, तरी या चौकाचे मूळ स्थान लग्नघराची भिंत हेच. चित्रकलेचे अभ्यासक चौक वाचतात, चळवळीचे अभ्यासक कर्ज वाचतात. लग्न एकच, दोन्ही वाचने वेगळी ठेवणे मला पटत नाही. ज्या लग्नापायी माणूस गहाण पडे, त्या लग्नाच्या गाण्यांत सावकार येतो का, आणि आला तर कोणत्या नावाने? हा प्रश्न घेऊन धवळेरींपाशी बसावे, घाई न करता ऐकावे आणि त्यांचे शब्द त्यांच्याच उच्चारात उतरवून घ्यावेत.