जुन्नर-आंबेगावच्या दुधाचा इतिहास आणि आपले ताट

मोठ्या माणसाने गाईचे दूध प्यावे की सोडून द्यावे, यावर सध्या दोन गट एकमेकांवर तुटून पडले आहेत. एका बाजूला दूध म्हणजे पूर्णान्न आणि गाय म्हणजे माता असे सांगणारे. दुसऱ्या बाजूला बदामाचे, ओटचे, सोयाचे दूध विकत घेऊ शकणारा शहरी वर्ग. त्याला गाईच्या दुधात क्रौर्य दिसते. दोघांचे म्हणणे वाचताना आम्हाला एक गोष्ट खटकते. या देशातला प्रत्येक माणूस पिढ्यान्‌पिढ्या दूध पीत आला आहे आणि आता ते चालू ठेवायचे की थांबवायचे एवढेच ठरवायचे बाकी आहे, असे दोघेही गृहीत धरतात. आमच्या आजा-पणजाच्या ताटात दूध होते का, हे कोणी विचारत नाही. तो प्रश्न आम्ही पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या इतिहासाला विचारणार आहोत. गाईविषयीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा कोरीव पुरावा आणि आजचा दुधाचा मोठा धंदा, दोन्ही इथे एका दिवसात पाहून होतात.

सुरुवात घोड नदीपासून करू. ही नदी आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावते आणि खाली शिरूर तालुक्यात जाते. तिथे तिच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. ही माणसे जव पिकवत होती, गुरे पाळत होती आणि ती गुरे खातही होती. घरांच्या आसपास गुरांची हाडे मोठ्या प्रमाणात सापडली, त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे आपल्या या खोऱ्यातल्या पहिल्या शेतकऱ्याला गाय पूज्य वगैरे नव्हती. ती त्याचे जनावर होती. "अनादी काळापासून गोमाता" असे म्हणणाऱ्यांनी एकदा डेक्कन कॉलेजचे अहवाल उघडून पाहावेत.

त्यानंतर काही शतकांनी आपण नाणेघाटात येतो. जुन्नरची बाजारपेठ कोकणातल्या बंदरांना जोडणारा हा घाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. गणिताचे अभ्यासक या लेखाचे कौतुक करतात, कारण भारतीय अंकांचे फार जुने नमुने त्यात आहेत. पण ते अंक कशासाठी कोरले गेले, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितले नाही. अश्वमेध, राजसूय आणि इतर वैदिक यज्ञांत पुरोहितांना दिलेल्या दक्षिणेचा तो हिशेब आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. एका ठिकाणी गाईंचा आकडा १०,००१ आहे, दुसऱ्या ठिकाणी ११,०००. महाराष्ट्रात दगडावर कोरलेले हे आरंभीचे अंक यज्ञ करणाऱ्यांच्या दारात गेलेल्या गाई मोजतात! त्या गाई कोणी राखल्या, कोणी चारल्या, कोणी त्यांचे शेण काढले, याचा लेखात उल्लेख नाही. असण्याचे कारणही नाही.

त्याच काळाच्या आगेमागे जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी खोदली जात होती. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरीचे कडे, सगळी मिळून दीडशेहून जास्त. (लेण्याद्रीला आज अष्टविनायकातला गणपती म्हणून गर्दी होते. तो गणपती ज्या लेण्यात आहे तो बौद्ध विहार आहे, हे दर्शनाच्या रांगेतल्या किती जणांना माहीत असते?) इथल्या लेखांतले दान वेगळे आहे. शेतजमीन, आंब्याची आणि करंजाची झाडे, पाण्याच्या टाक्या. वेळूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेली ठेव, जिच्या व्याजातून संघाचा खर्च भागावा. चिट नावाच्या एका यवनाने तर संघासाठी भोजनमंडप दिला, तसे तिथे कोरून ठेवले आहे. एका बाजूला हजारोंनी गाई दक्षिणा म्हणून घेणारी यज्ञसंस्था आणि दुसऱ्या बाजूला परदेशातून आलेल्या माणसाने दिलेल्या मंडपात पंक्तीला बसणारा संघ, हे दोन्ही एकाच तालुक्यात.

बुद्धाने दुधाला बंदी केली नव्हती, हेही इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. सुजातेची खीर सर्वांना माहीत आहे. विनयात दूध, दही, ताक, लोणी, तूप असे पाच गोरस भिक्खूंना चालतात. सुत्तनिपातात गाईला आई-बापासारखी उपकारी म्हटले आहे, पण कशासाठी? यज्ञात तिची कत्तल होते तिचा निषेध करण्यासाठी. तिथे गाय अन्न देते, बळ देते म्हणून जपायची आहे. पूजा करायला कोणी सांगितलेले नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात मांडले की बौद्ध धम्माशी झालेल्या स्पर्धेत ब्राह्मणांनी गोमांस सोडले, गाय पवित्र केली, आणि जे गोमांस खात राहिले ते अस्पृश्य ठरले.

आता गावगाड्यात या. जिवंत गाय वाड्यात, तिचे दूध-तूप वाड्यात. ती मेली की मात्र तिच्यावर हक्क आमचा. गावातली मेलेली गुरे ओढणे हे महाराचे काम होते आणि त्याबद्दल ते मांस त्याच्या वाट्याला येई. म्हणजे एकाच जनावराची वाटणी जातीने केलेली. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, तेव्हा त्यांनी मोडली ती ही वाटणी. १९५८च्या कायद्याने महार वतन गेले आणि सक्तीचा सरकारी आधारही गेला.

दुधा-तुपाचा हक्क किती कडक होता, याचे उदाहरण बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दिले आहे. एप्रिल १९३६, जयपूर संस्थानातले चकवारा गाव. तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच लोकांना जेवण दिले आणि त्यात तूप वाढले. जेवण चालू असताना सवर्ण हिंदूंचा जमाव लाठ्या घेऊन आला, अन्न नासले, माणसांना मारले. तूप खाणे म्हणजे आमची बरोबरी करणे, हा त्यांचा राग होता. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचा. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची ती नोंद आहे आणि त्यात दुधा-तुपाला जवळजवळ जागा नाही. मग "आपल्या संस्कृतीत दूध" या वाक्यातले "आपल्या" म्हणजे नेमके कोण?

दूध पूर्णान्न म्हणून घराघरात शिरले ते अलीकडे. १९४९ साली मुंबईत गोरेगावला आरे वसाहत सुरू झाली. १९७० साली दुग्धमहापूर योजना आली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांना दूध पुरवायचे आणि सुरुवातीचे भांडवल उभे करायचे ते परदेशातून फुकट आलेल्या दूधपावडर आणि बटर ऑइलच्या विक्रीतून. युरोपात साठून राहिलेली पावडर आपल्या पोषणाचा आधार झाली, असे म्हटले तरी चालेल. इकडे उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ स्थापन केली आणि जर्सी-होल्स्टिनचे रेतन शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेले. मणिभाई गांधीजींचे अनुयायी. देशी गाईची आरती करणारे आज ज्या संकरित गाईला नावे ठेवतात, ती गांधीवाद्याच्या संस्थेतून आली!

जुन्नर-आंबेगावात हे सगळे जमले. कुकडीचे कालवे आले, डिंभे धरण झाले (आणि जुने आंबेगाव पाण्याखाली गेले), पूर्वेकडे ऊस आणि हिरवा चारा आला. कात्रजचा जिल्हा संघ १९६०पासून होताच. मंचरला १९९२ साली पराग मिल्क फूड्स सुरू झाली. 'गोवर्धन' तूप तिथलेच. त्याच कंपनीच्या मंचरजवळच्या भाग्यलक्ष्मी फार्मवरच्या होल्स्टिन गाईंचे दूध २०११पासून 'प्राइड ऑफ काऊज' नावाने, साध्या दुधापेक्षा कितीतरी चढ्या भावाने, मुंबईतल्या घरांत पोचते. धंदा म्हणून त्यात गैर काही नाही. पण शेजारच्या दोन गाईंच्या गोठ्यात काय चालते ते पाहा. सकाळ-संध्याकाळ कॅन डेअरीवर जातो, फॅट आणि एसएनएफ लागते, दर दुसराच कोणी ठरवतो. पेंड महाग झाली म्हणून दर वाढत नाही. २०१८च्या जुलैमध्ये लिटरमागे पाच रुपयांसाठी राज्यभर दूध आंदोलन करावे लागले ते यामुळेच. कुणब्याच्या घरातही पोरांपुरते पावशेर ठेवून बाकीचे दूध विकले जाते आणि थोरले कोरा चहा पितात. नाणेघाटातल्या गाई वर गेल्या, मंचरचे दूध मुंबईला गेले. राखणारा होता तिथेच आहे.

आणि जातीचे काय? अॅक्शनएडच्या वतीने ११ राज्यांतल्या ५६५ गावांत अस्पृश्यतेचा अभ्यास झाला, तो २००६ साली ग्रंथरूपाने आला. महाराष्ट्र त्या राज्यांत होता. ज्या गावांत दूध सोसायट्या होत्या, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या गावांत दलितांचे दूध घेतले जात नव्हते आणि सुमारे पाव गावांत त्यांना दूध विकतही मिळत नव्हते. ज्याच्या हातचे दूध बाटते, त्याला दूध पूर्णान्न आहे असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता शरीराचा प्रश्न. दुधातली साखर पचवणारे विकर बाळपणानंतर कमी होणे, हा मनुष्यजातीचा सर्वसाधारण नियम आहे. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांत ते कमी होते. काही पशुपालक समाजांत एका जनुकीय बदलामुळे ते टिकले. दोन हजारांहून अधिक भारतीयांच्या नमुन्यांवर झालेल्या अभ्यासात हा बदल वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळला. पशुपालक तोडांमध्ये तो भरपूर दिसला. दूध प्यायल्यावर पोट फुगते म्हणून आपल्या माणसाने लाजायचे कारण नाही. तो आजार नव्हे. ताक-दही बहुतेकांना सोसते, थोडे दूधही सोसते. ज्याला पचते आणि परवडते त्याने खुशाल प्यावे. पण प्रौढ माणसाला दुधावाचून चालत नाही, हे खोटे आहे.

कॅल्शियमचे काय, असे लगेच विचारले जाईल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या कोष्टकात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, गाईच्या १०० ग्रॅम दुधात ११८. नाचणीतले सगळे अंगी लागत नाही आणि कोणी एका बैठकीत पेलाभर कोरडे पीठ खात नाही, हे धरूनही भाकरी-आंबील रोज खाणारा माणूस उपाशी राहत नाही. पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर नाचणी-वरईवरच जगत आले. जुन्नरची मासवडी घ्या. डाळीचे पीठ, तीळ, खोबरे. तिळात कॅल्शियम दुधाच्या कितीतरी पट आहे. हुलग्याचे माडगे, शेंगोळे, शेंगदाण्याचा कूट, काट्यासकट खाल्लेली सुकट. आपला 'वनस्पतिजन्य पर्याय' चुलीवर होताच. फक्त त्याला चकचकीत खोका आणि इंग्रजी नाव नव्हते.

म्हणूनच दूध सोडा म्हणणाऱ्या शहरी मंडळींशीही आमचे पटत नाही. गांधीजींनी १९१२ साली गाई-म्हशीचे दूध सोडले, आजारपणात १९१९च्या सुमारास शेळीच्या दुधावर आले आणि वर्ध्याला मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग केले. पावित्र्याचा तोच ध्यास आज ओटच्या दुधात आहे. शिवाय दुधाबरोबर अंडी, मासे, मटण सगळेच सोडा असे सांगितले जाते. ब-१२ जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही, ते गोळीतून घ्यावे लागते. ज्याला गोळी, बदाम आणि डॉक्टर परवडतात त्याने ते करावे. आमच्या वस्तीतल्या बाईला अंडे सोड म्हणून सांगू नये.

दूध पिणाऱ्या गोभक्तांनाही एक विचारायचे आहे. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. होल्स्टिनचा गोऱ्हा औताला चालत नाही, बैलगाड्याच्या घाटात तर नाहीच नाही, तिथे खिलार लागतो. पूर्वी भाकड गाय चोरीछुपे का होईना विकली जाई, गोऱ्हा आणि बैल उघड विकले जात, त्यातून पुढची कालवड येई. १९७६च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. १९९५ साली मंजूर झालेली दुरुस्ती २०१५ साली लागू झाली आणि बैल-गोऱ्हेही बंदीत आले, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्याचा फटका बेल्हे-चाकणच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला बसला, खाटकाला बसला, चामड्यावर जगणाऱ्या ढोर-चांभाराला बसला आणि ज्यांचे स्वस्तातले मांस गेले त्या आपल्या लोकांना बसला. दूध पिणाऱ्याच्या पेल्याला धक्का लागला नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले. जे खात नाहीत त्यांना केळे. सक्ती कोणावरच नव्हती. तरीही धार्मिक संघटना आणि संप्रदायांनी विरोध केला आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा वेगळा निधी काढून घेतला. शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून अंडी द्यावीत, असे सांगितले. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्र आहे, तिथल्या आश्रमशाळांचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. आहुपे-भीमाशंकरच्या बाजूच्या जिल्हा परिषद शाळेत ही लोकवर्गणी कोण देणार, हिरडा वेचून वर्ष काढणारे आई-बाप? आमची मागणी एवढीच आहे की अंड्याचा निधी परत सुरू करा, पोषण आहारात नाचणी रोज आणा, दूध संस्थेत प्रत्येक जातीच्या घरचे दूध एकाच मापाने घ्या. दूध प्यायचे की नाही, ते ज्याचे त्याने आपल्या पोटाला विचारून ठरवावे.