वामनराव लाखे आणि रायपूरचे सार्वजनिक जीवन

रायपुरात नेमणूक होऊन आलेल्या मराठी माणसाच्या कानी ‘लाखेनगर’ हे नाव लवकरच पडते. ज्यांच्यावरून ते पडले, त्या वामनराव लाख्यांचे चरित्र मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच परिचित असते.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थायिक झाली. १८५४ साली ते राज्य खालसा झाले, तरी मराठी वस्ती टिकली. रायपूरच्या या मराठी समाजात १८७२ साली वामनरावांचा जन्म झाला. १९०० साली माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढले, तेव्हा रामराव चिंचोळकर संपादनात त्यांचे सहकारी होते आणि प्रकाशनाचा भार लाख्यांनी उचलला. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी! ते तीनच वर्षे चालले. परंतु ज्या लोकांत राहावयाचे त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावयाचे, हा लाख्यांचा निश्चय जन्मभर टिकला.

त्यांचे खरे कार्य सहकाराचे. १९१२ च्या कायद्याने मध्यवर्ती सहकारी बँकांना मार्ग मोकळा झाला आणि १९१३ साली लाख्यांच्या पुढाकाराने रायपुरात तशी बँक उभी राहिली. शहरातील ठेवी खेड्यांतील पतपेढ्यांकडे वळवून शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजातून सोडवावयाचे, हे तिचे सूत्र. ही चळवळ सरकारी निबंधकाच्या देखरेखीखाली चाले. १९१६ साली सरकारने लाख्यांना पदवीही दिली. असे असता १९२० च्या असहकारात त्यांनी ती परत केली. ज्यांच्या मर्जीशी आपल्या संस्थेचा संबंध आहे, त्यांनाच दुखविण्याचे हे धैर्य होते. पदवी गेली, बँक मात्र चालू राहिली.

१९३० च्या सत्याग्रहात महंत लक्ष्मीनारायणदास, ठाकूर प्यारेलाल सिंह, मौलाना रऊफ आणि शिवदास डागा यांच्यासह लाखे ‘पंच पांडव’ म्हणून ओळखले गेले. त्यांत युधिष्ठिराचा मान त्यांचा. १९४१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, वैयक्तिक सत्याग्रहात ते सिमगा येथे पकडले गेले व तुरुंगात गेले. १९४८ साली त्यांचे निधन झाले.

प्रांतिक राजकारणातील मोठ्या नावांपुढे हे चरित्र लहान दिसेल. परंतु बदलीच्या हुकुमाची वाट पाहत परमुलखात दिवस काढणाऱ्या आपणांस ते विचार करावयास लावते. रायपूरने या मराठी माणसाला आपला वडीलधारा मानले, ते त्याने रायपूरच्या शेतकऱ्याचे कर्ज आपली चिंता मानली म्हणून.