न्हावा शेवा, मंगळवार २७ जून २०१७

(सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार)

१३ जुलै २०१०. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० चा सपोर्ट बंद केला. यापुढे तिच्यात त्रुटी सापडली तरी दुरुस्तीचा पॅच मिळणार नव्हता. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीतले या सिस्टीमवरचे काही सर्व्हर तरीही चालूच राहिले. काम होत होते, म्हणून कुणी हात लावला नाही.

२०१६. मर्स्कच्या आयटी अधिकाऱ्यांनी जगभरच्या नेटवर्कची सुरक्षा नव्याने बांधण्याचा आराखडा मांडला. तो मंजूर झाला, पैसेही ठरले. पण ज्या उद्दिष्टांवर वरिष्ठांचा बोनस अवलंबून होता, त्यांत हे काम नव्हते. ते मागे पडले. कर्मचाऱ्यांनी ही गोष्ट पुढे वार्ताहरांना सांगितली. या साऱ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त खटकते ती हीच नोंद.

१४ मार्च २०१७. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधली गंभीर त्रुटी बुजवणारा एमएस१७-०१० हा पॅच आला.

१४ एप्रिल. त्याच त्रुटीतून आत शिरणारे ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार शॅडो ब्रोकर्स या टोळीने इंटरनेटवर खुले केले. त्याच दिवशी युक्रेनमध्ये एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे एक अपडेट निघाले. त्यात चोरदरवाजा होता. कुणाच्या लक्षात आले नाही.

१२ मे. इटर्नलब्लूवर स्वार होऊन वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीही तातडीचा पॅच काढला. विंडोज २००० साठी काहीच निघाले नाही. जुने सर्व्हर बदलण्याची याहून मोठी सूचना मिळणार नव्हती. हाती ४६ दिवस होते.

२२ जून. चोरदरवाजा असलेले एम.ई.डॉकचे आणखी एक अपडेट गेले. युक्रेनमधल्या ओडेसा शहरात मर्स्कच्या एका संगणकावर हे सॉफ्टवेअर होते. एकाच.

२७ जून, दुपारी २.२९. चोरलेल्या पासवर्डने कुणीतरी एम.ई.डॉकच्या अपडेट सर्व्हरवर शिरले आणि त्याचा पूर्ण ताबा घेतला.

२.४१. सर्व्हरची मांडणी बदलली. अपडेट मागणारा प्रत्येक संगणक आता हल्लेखोरांच्या यंत्राकडे वळू लागला.

४.००. याच वाटेने नॉटपेट्या हा व्हायरस सुटला. शिरलेल्या संगणकाच्या मेमरीतून तो पासवर्ड उचलायचा. सर्व्हर २०१२ आर२ च्या आधीच्या विंडोजमध्ये, कुणी मुद्दाम बंद केले नसेल तर, लॉग-इन केलेल्याचा पासवर्ड मेमरीत वाचता येईल अशा रूपात पडून असे. त्यात अ‍ॅडमिनचा पासवर्ड सापडला, की पॅच घातलेले संगणकही वाचत नसत. १० ते ६० मिनिटांत यंत्र आपोआप रीस्टार्ट होई, पडद्यावर डिस्क तपासणीचा बनाव दिसे आणि त्याआड डिस्क कुलूपबंद होई. शेवटी ३०० डॉलरची मागणी. पैसे भरले तरी किल्ली मिळण्याची सोयच नव्हती.

त्यानंतरचा तास. ओडेसातल्या त्या संगणकातून तो मर्स्कच्या नेटवर्कभर पसरला. कोपनहेगनच्या मुख्यालयात पडदे एकामागून एक काळे पडले. कर्मचारी मीटिंगांमध्ये घुसून संगणकांच्या वायरी उपटू लागले. जगभरचे नेटवर्क पूर्ण तोडायला दोन तासांहून अधिक वेळ लागला.

६.०३. एम.ई.डॉकचा सर्व्हर हल्लेखोरांनी होता तसा करून ठेवला. त्यांचे काम झाले होते.

संध्याकाळ, न्हावा शेवा. उरण तालुक्यातल्या, तेव्हा जेएनपीटी म्हटल्या जाणाऱ्या बंदरात मर्स्क समूहाचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल आहे. वर्षाला २० फुटी मापाचे १८ लाख कंटेनर हाताळण्याची त्याची तेव्हाची क्षमता. कोणता कंटेनर कुठल्या थप्पीत आणि कुठल्या ट्रकवर चढायचा, हे सांगणारी यंत्रणा गेली. क्रेन धडधाकट होत्या. काय उचलायचे ते त्यांना कळत नव्हते. हाताने काम रेटण्याचा प्रयत्न झाला. जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवली गेली, ट्रकांसाठी जादा पार्किंग शोधावे लागले. वाशिम-कारंजाकडचा कापूस किंवा सोयापेंड समुद्रापार निघाली, की तिची वाट बहुधा याच बंदरातून जाते.

मर्स्क समूहाची जगभरची ७६ पैकी १७ टर्मिनले अडकली.

पुढचे दिवस. नेटवर्कवर कोण कोण आहे आणि कुणाला कशाची परवानगी आहे, याची वही डोमेन कंट्रोलर नावाचे सर्व्हर सांभाळतात. मर्स्ककडे असे सुमारे १५० होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत, म्हणून वेगळी प्रत कुणी राखली नव्हती. एक सोडून सगळे एकदमच पुसले गेले. घानातला तो एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्यातला डेटा हातोहात नायजेरियामार्गे इंग्लंडला नेला, तेव्हा उभारणी सुरू झाली. १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलर.

वाशिम, मंगरूळपीर, रिसोडला बँकेच्या, पतसंस्थेच्या, जिनिंगच्या ऑफिसात जो सर्व्हर सांभाळतो, त्याला एवढेच सांगणे आहे: नवा सर्व्हर डोमेनला जोडा, त्याला डोमेन कंट्रोलर करा, वहीची नक्कल त्यावर उतरू द्या, जुन्या डोमेन कंट्रोलरकडच्या पाचही खास (एफएसएमओ) भूमिका नव्याकडे हलवा, मग जुना उतरवा. वहीची एक प्रत नेटवर्कपासून तोडून कपाटात ठेवा. साहेबांकडून त्यासाठी एक सुट्टीचा दिवस मागून घ्या. तुमचा सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१६ वर असेल, तर त्याचा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतो; हे त्याआधी उरका.