पंचस्वरी शब्द, इंग्रजी

पंचस्वरी शब्द, इंग्रजी : रोमन वर्णमालेतील ए, ई, आय, ओ आणि यू ही पाचही स्वरचिन्हे ज्यांच्या लेखनात एकेकदाच येतात, असे इंग्रजी शब्द. वाय हे चिन्ह कोठे स्वराचे, तर कोठे व्यंजनाचे काम करीत असल्यामुळे त्याची गणना कोणी करतात, कोणी करीत नाहीत. प्रस्तुत नोंदीत ते हिशेबाबाहेर ठेवले आहे. हा गुण लेखनाचा आहे, उच्चाराचा नव्हे, हे आरंभीच ध्यानी घेतले पाहिजे. एफ, ए, सी, ई, टी, आय, ओ, यू, एस अशा नऊ वर्णांनी लिहिला जाणारा शब्द देवनागरीत ‘फसीशस’ असा उतरतो आणि पाच स्वरांपैकी कानाला अ व ई एवढे दोनच उरतात.

अनुलोम शब्द. पाचही स्वर वर्णमालेच्याच क्रमाने ज्यांत येतात असे शब्द थोडे आहेत, आणि त्यांच्या घडणीचे कारण शोधू गेल्यास ते बहुतांशी प्रत्ययात सापडते. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला ‘युक्त’ या अर्थाचा एक विशेषणप्रत्यय आय-ओ-यू-एस असा लिहिला जातो. म्हणजे शेवटचे तीन स्वर त्याने आयतेच क्रमवार पुरविल्यावर मूळ शब्दात आधी ए व मग ई एवढेच असले की पुरे. वर दिलेला ‘फसीशस’ लॅटिनमधील विनोदवाचक शब्दापासून निघाला असून, एके काळी सुसंस्कृत विनोदबुद्धीचा गौरव करणारे हे विशेषण आज अप्रसंगी थट्टा करणाऱ्यास लावले जाते. ‘ॲब्स्टीमियस’ म्हणजे मिताहारी. त्याच्या मुळाशी ‘टेमेटम’ हा मद्यवाचक लॅटिन शब्द असल्यामुळे आद्य अर्थ मद्यवर्जक असा होतो. ‘सीझियस’ हे निळसर करड्या रंगाचे विशेषण वनस्पतिवर्णनापलीकडे क्वचितच आढळते. ‘आर्सीनियस’ची कुळकथा याहून दूरची आहे. रसायनशास्त्रात ते आर्सेनिकच्या त्रिसंयुजी संयुगांस लावतात, आणि आपल्याकडे सोमल म्हणून ओळखले जाणारे विष हे अशा संयुगांपैकीच एक होय. परंतु मूळ ग्रीक शब्द इराणी भाषांतील हरताळाच्या नावावरून आला, त्या नावात सोन्याचा पिवळा रंग आहे, आणि त्यातील सुवर्णवाचक अंश आपल्या ‘हिरण्य’ शब्दाशी सगोत्र आहे. पहिल्या दोन विशेषणांची क्रियाविशेषणे केली असता अंती वाय येऊन, तो स्वर मानणाऱ्यांच्या मते, सहा स्वरांची माला पूर्ण होते.

प्रतिलोम व दीर्घ शब्द. यू-पासून ए-पर्यंत उलट क्रमाने जाणाऱ्या शब्दांत 14 वर्णांचा ‘सबकाँटिनेंटल’ (उपखंडविषयक) आणि 15 वर्णांचा ‘अनकॉम्प्लिमेंटरी’ (अप्रशंसापर) हे ठळक दाखले होत. येथे यू उपसर्गातून येतो आणि ए अंत्य प्रत्ययातून. क्रमाचे बंधन सोडले, परंतु कोणताही वर्ण, मग तो व्यंजनाचा का असेना, दुसऱ्यांदा येता कामा नये असा कडक नियम लावला, तर 15 वर्णांचा ‘अनकॉपीराइटेबल’, म्हणजे ज्यावर प्रकाशनाधिकार सांगता येत नाही तो, आणि 14 वर्णांचा ‘ॲम्बिडेक्स्ट्रसली’ हे विशेष उल्लेखनीय ठरतात. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने असा असून, लॅटिन धातुघटनेत दोन्ही हात उजवे कल्पिले आहेत. उलट अर्जुनाच्या ‘सव्यसाची’ या नामात सव्य म्हणजे डावा हात पुढे केला आहे. एकाच गुणाकडे दोन भाषा दोन बाजूंनी पाहतात, आणि अशा शब्दांच्या अर्थाकडे न पाहता केवळ वर्ण मोजणाऱ्यास नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

सिकोया. सात वर्णांत पाच स्वर सामावणारे हे वृक्षनाम एंडलिखर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1847 मध्ये योजिले. कॅलिफोर्नियाच्या किनारी मुलखात हा वृक्ष 100 मीटरांहून अधिक उंच वाढतो. चेरोकी भाषेची लिपी 1821 च्या सुमारास सिद्ध करणाऱ्या सिक्वोया या पुरुषाच्या सन्मानार्थ हे नाव दिले गेले असे सामान्यतः मानतात. काही अभ्यासक ते एका लॅटिन क्रियापदावरून साधितात. पहिले मत ग्राह्य धरल्यास एक अर्थपूर्ण योग दिसतो. इंग्रजी वाचता न येणाऱ्या त्या पुरुषाच्या लिपीतील सुमारे 85 चिन्हांपैकी जवळजवळ प्रत्येक चिन्ह अखंड अक्षराचे आहे, त्यात स्वर व्यंजनापासून वेगळा काढून दाखविता येत नाही; म्हणून ज्या गणनेत त्याच्या नावाचा वृक्ष अग्रभागी येतो, ती गणना त्याच्या लिपीत संभवतच नाही. याहून लघु म्हणजे सहा वर्णांचा ‘युनोइया’ (सद्भाव) हा ग्रीक शब्द इंग्रजीत रूढ झाला असे म्हणणे कठीण आहे.

लेखनभेद. वर्तनवाचक ‘बिहेव्हियर’ हा शब्द ब्रिटिश लेखनात पंचस्वरी आहे. वेब्स्टरने 1828 च्या कोशात पुरस्कारिलेल्या अमेरिकन लेखनात त्यातील यू गळतो आणि तो या यादीतून बाद होतो.

संस्कृतातील समांतर. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात स्वरांचे नियम सांगितले आहेत, परंतु तेथे चार, तीन, दोन व एक असे स्वर मर्यादित करीत जाण्याचे कौशल्य आहे. त्याच्याच नावावरील दशकुमारचरितात ओठ दुखावलेला मंत्रगुप्त हा कुमार ओष्ठ्य वर्ण टाळून आपली कथा सांगतो.

एकस्वरी शब्द. पंचस्वरीच्या उलट, एकाच स्वरचिन्हावर चालणाऱ्या शब्दांचा दाखला म्हणजे ‘स्ट्रेंग्थलेसनेस’ (बलहीनता) : 16 वर्ण, त्यांत ई हा एकच स्वर तीनदा.

अभ्यास. अशा शब्दांच्या अभ्यासाची साधने म्हणजे बोर्गमन यांचा ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ हा ग्रंथ (1965) आणि 1968 मध्ये सुरू झालेले ‘वर्ड वेज’ हे नियतकालिक.