अवघडलेल्या पाठीवरचा हात

मुळशीच्या खोऱ्यात आषाढ लागला आणि चिखलणी होऊन खाचरे काठोकाठ भरली, म्हणजे आवणीसाठी वाकलेल्या बायकांच्या ओळीत एखादी तरी पोटुशी सून असावयाचीच. आंबेमोहराची रोपे चिखलात खोवून ती दिवेलागणीला घरी परतली की तिच्या कंबरेत भरलेली रग जिरवण्यासाठी वाडीतली सुईण कोमट तेलाची वाटी घेऊन तिच्यापाशी बसे, ही या प्रांताची जुनी रीत. याच मुळशी तालुक्यात आज हिंजवडीच्या कचेऱ्यांतून दिवसभर खुर्चीत बसणारी गर्भवती स्त्री त्याच दुखण्यासाठी फिजिओथेरपीची वाट धरते, आणि क्वचित कायरोप्रॅक्टिक या अमेरिकन विद्येचीही चौकशी करते. सुईणीचा आणि उपचारकाचा, या दोन हातांची कुळे निरनिराळी आहेत. त्यांपैकी एकाचेच कूळ लेखी मांडले गेले, याची खंत मला वाटते.

दुखण्याचे कारण मात्र दोघींना एकच आहे. गर्भ वाढतो तसा शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, तो तोलण्यासाठी कंबर आत वळते, पाठीचे स्नायू अहोरात्र ताणलेले राहतात, आणि प्रसूतीची पूर्वतयारी म्हणून श्रोणीचे सांधे किंचित सैलावतात. हे सैलावणे घडवणाऱ्या द्रव्याचा माग फ्रेडरिक हिसॉ या शास्त्रज्ञाने 1926 साली गिनीपिगांवरील प्रयोगांतून प्रथम लावला.

आपल्याकडील शोध याच्या कितीतरी मागे जातो. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीची महिनावार परिचर्या सांगितली आहे, आणि तिचे फल सांगताना कूस, कटी, पार्श्व व पृष्ठ ही मृदू होतात, वायू अनुलोम होतो, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे गर्भिणीची पाठ हा वैद्याच्या चिंतेचा विषय आहे, हे त्या काळीच मान्य झाले होते. पुढे प्रसूतीचा प्रसंग येतो तेव्हा ग्रंथकार अनेकवार प्रसवलेल्या, प्रेमळ व धीर देणाऱ्या स्त्रिया तिच्याभोवती असाव्यात असे सांगतो, आणि मधूनमधून कंबर, कुशी, पाठ व मांड्या यांना किंचित ऊन तेल लावून तिला सुख होईल अशा बेताने त्या चोळाव्यात, अशी सूचना देतो. माझ्या मते सुईणीच्या विद्येची सर्वांत जुनी सनद ती हीच. आणि दाबाचे माप चोळणाऱ्याच्या बळावर न ठेवता चोळून घेणारीच्या सुखावर ठेवले, हे तिचे मर्म. त्याच ठिकाणी वेणा लागलेल्या स्त्रीने मुसळ घेऊन धान्य कांडावे, असे मांडणाऱ्या काहींचे मत त्या ग्रंथातील गुरू भगवान आत्रेयांनी खोडून काढले आहे: गर्भिणीला कठोर श्रम नेहमीच वर्ज्य, मग या नाजूक वेळी ते कसे चालतील, मात्र तिने हिंडावे-फिरावे, याला त्यांची संमती आहे. नवव्या महिन्यापर्यंत चिखलात वाकणाऱ्या मुळशीच्या लेकीबाळींना हा निषेध कोणी वाचून दाखवला नव्हता, पण त्यांच्या पाठीवरून फिरणाऱ्या हाताला त्याचा अर्थ अनुभवाने कळलेला होता.

ग्रंथातील ही सनद गावच्या दप्तरात मात्र कधी चढली नाही. बारा बलुतेदारांच्या यादीत सुतार, लोहार, न्हावी, गुरव यांची नावे येतात, सुईणीचे येत नाही. तिला वतन नाही, इनाम नाही, खण-नारळ आणि सुपातले तांदूळ हीच तिची बिदागी. 1921 साली धरणाविरुद्धच्या सेनापती बापटांच्या सत्याग्रहाने हा मुळशी पेटा देशभर गाजला आणि पुढे धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, तेव्हा जमिनीच्या मोबदल्याचा तंटा झाला. गाव पांगताना ही हातोटीही पांगते, याचा हिशेब कोणत्याच जमाबंदीत बसणारा नव्हता.

विद्वानांनी या विद्येकडे पाहिलेच नाही, असे मात्र नाही. पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात एम. डी. पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. परक्या देशात, परक्या भाषेत आपल्या घरच्या शास्त्राची बाजू मांडणाऱ्या त्या विशीतल्या मुलीविषयी मला अपार आदर वाटतो. दुसऱ्याच वर्षी त्या निवर्तल्या. पुढे 1903 साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या शिक्षणासाठी निधी उभा राहिला, 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन निघून परिचारिका व सुईणींच्या शिक्षणाला प्रतिष्ठा लाभली. या शिक्षणाचा रोख स्वच्छतेवर, नाळ कापण्याच्या रीतीवर, सूतिकाज्वर टाळण्यावर होता, आणि तो सर्वथा योग्य होता, कारण अस्वच्छ हाताने असंख्य माता दगावत होत्या. परंतु पाठ चोळण्याच्या कौशल्याची गणना त्यात विद्या म्हणून झाली नाही.

आनंदीबाईंच्या प्रबंधानंतर नऊच वर्षांनी, 1895 साली, अमेरिकेतील आयोवा प्रांतात डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या उपचारकाने हार्वी लिलार्ड या बहिऱ्या झाडूवाल्याच्या मणक्यावर हाताचा झटका दिला, त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला, आणि दोन वर्षांत या कायरोप्रॅक्टिक विद्येची शाळाच उघडली. मणका सरकल्याने बहुतेक रोग होतात, हा त्याचा सिद्धांत आधुनिक वैद्यकाने मानला नाही, आणि परवान्यावाचून धंदा केल्याबद्दल त्याला 1906 साली तुरुंगही पाहावा लागला. तरी शाळा, पदवी व संघटना यांच्या बळावर ती विद्या टिकली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅरी वेब्स्टर याने गर्भवतीच्या कटिभागासाठी स्वतंत्र पद्धत बसवली, आणि पोटावर भार येऊ नये अशी मधोमध सैल होणारी मेजेही तयार झाली. त्या पद्धतीने गर्भाची उलटी स्थिती फिरते, या म्हणण्याला भक्कम पुरावा नाही. कंबरदुखीसाठी मात्र नियमित, सौम्य व्यायामाचा उपयोग अधिक खात्रीचा ठरला आहे.

सुईणीच्याही काही चाली सोडण्याजोग्याच होत्या: पोट रगडून मूल फिरवण्याचा प्रयत्न घातक असतो, आणि रक्तस्राव, पाणी जाणे किंवा पायाला बधिरता अशी चिन्हे दिसताच चोळणे बाजूला ठेवून रुग्णालय गाठले पाहिजे. पण कुशीवर निजवून, गुडघ्यांमध्ये उशी घालून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहाताने संथपणे उतरणारा स्पर्श हा टाकाऊ नव्हे. ताम्हिणीकडच्या वाड्यांतून अजून ज्या वृद्ध सुईणी असतील, त्यांना पौडच्या ग्रामीण रुग्णालयात मानाने बोलावून, तेथील परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांच्यासमोर त्यांचे हात कसे चालतात हे पाहावे, त्यातले निर्धोक ते लिहून ठेवावे, आणि त्या टिपणावर त्या बायांची नावे घालावीत.