सुटीं पानें

अखंड ग्रंथापेक्षां त्याच्या फोडलेल्या पानांस अधिक दाम मिळतो, हें वाचकांस विचित्र वाटेल; पण जुन्या छायाचित्रग्रंथांच्या बाजारांत तें पुष्कळदां खरें ठरतें. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था निघाली. तिच्यांतील विल्यम जॉन्सन यानें मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्या जातिजमातींवरचा आपला ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत लंडनहून प्रसिद्ध केला. छायाचित्र अक्षरांबरोबर शाईनें छापण्याची सोय तेव्हां रूढ नव्हती. अंड्यांतील पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर उन्हांत एकेक प्रत उठवावी आणि ती पानावर चिकटवावी, असा तो खटाटोप! कातरवाल्याचें फावतें तें येथेंच. चित्र चौकटींत जातें, मजकूर रद्दींत.

असें एक पान आम्हीही फ्लोरा फौंटनजवळच्या फुटपाथवर हौसेनें घेतलें. त्यांतील मंडळी मागें दिसणाऱ्या जागींच उभी होती, असें समजून वर्गांत व्याख्यानही दिलें. पुढें अखंड प्रत चाळतांना उमगलें कीं, माणसांवरचा उजेड एकीकडचा आणि देखाव्यावरचा दुसरीकडचा. चित्रशाळेंत टिपलेल्या माणसांमागें निराळ्याच छायाचित्रांतील देखावा जोडणें, ही जॉन्सनची रीतच होती. एका पानावरून आम्हांस तें कळलें नसतें.

ग्रंथ फोडल्याबद्दल आम्ही त्या विक्रेत्यास बोल लावला. “अखंड ग्रंथ आपण घेतला असता काय, साहेब?” त्यानें विचारलें. आमच्या वेतनांत तो बसणारा नव्हता. पान अद्याप आमच्या भिंतीवर आहे.